संरक्षण आदेश मिळालेल्यांना पिस्तुलाचा परवाना लवकर देणे: अमेरिकेतील तरतूद नेमकी काय आहे?

न्यू जर्सी राज्यातील बर्लिन टाउनशिप येथे राहणाऱ्या आणि केशभूषेचा व्यवसाय करणाऱ्या एका महिलेने 21 एप्रिल 2015 रोजी स्थानिक पोलिसांकडे पिस्तूल विकत घेण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. पूर्वीच्या जोडीदारापासून जिवाला धोका असल्यामुळे तिने न्यायालयाकडून त्याच्याविरुद्ध मनाई आदेश, म्हणजेच त्याने तिच्यापासून दूर राहावे असा संरक्षण आदेश, मिळवला होता आणि घरावर कॅमेरेही बसवून घेतले होते. राज्याच्या कायद्याप्रमाणे तिच्या अर्जाचा निकाल 30 दिवसांत लागायला हवा होता. तो लागला नाही. 3 जून रोजी, अर्ज करून 43 दिवस उलटले असताना, त्याच माणसाने तिच्या घरासमोरच चाकूने तिचा खून केला. त्याच महिन्यात गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी राज्यातील शस्त्र परवान्यांच्या पद्धतीचा अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. घरगुती हिंसेच्या प्रकरणात न्यायालयाचे संरक्षण मिळालेल्या व्यक्तीला पिस्तुलाचा परवाना इतरांपेक्षा लवकर मिळावा, या मागणीला त्यानंतर अनेक राज्यांत जोर आला.

या घटनेचा दाखला पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याच्या चर्चेत नेहमी दिला जातो, पण त्या महिलेने मागितला होता तो विकत घेण्याचा परवाना. अमेरिकेत या दोन परवानग्या वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत झाली की पुढचे काहीच नीट कळत नाही. दुकानातून पिस्तूल विकत घेताना संघराज्य सरकारच्या यंत्रणेमार्फत खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासली जाते. न्यू जर्सीसारखी काही राज्ये त्याच्या आधी स्वतःचा वेगळा खरेदी परवानाही मागतात. विकत घेतलेले पिस्तूल स्वतःच्या घरात ठेवण्याचा नागरिकाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या हेलर खटल्यात मान्य केला. तेच पिस्तूल कमरेला लावून किंवा पर्समध्ये ठेवून घराबाहेर पडायचे असेल, तर अनेक राज्यांत आणखी एक परवाना लागतो. या लेखाचा विषय मुख्यतः हा शेवटचा परवाना आहे. मात्र पहिल्या टप्प्यावर अडलेल्या व्यक्तीला शेवटच्या टप्प्यावरची सवलत काहीच कामाची नसते, हे बर्लिन टाउनशिपच्या घटनेवरूनच दिसते.

दुसरी गल्लत भाषेतून होते. ‘संरक्षण आदेशाखालील व्यक्ती’ असे म्हटले की ती दोन प्रकारची असू शकते: जिच्या संरक्षणासाठी आदेश निघाला ती, आणि जिच्याविरुद्ध निघाला तीही. मिशिगन राज्यात हा प्रश्न केवळ शब्दांपुरता राहिला नाही. तेथील विधिमंडळाने मंजूर केलेले परवाना पद्धतीतील बदलांचे एक विधेयक गव्हर्नर रिक स्नायडर यांनी जानेवारी 2015 मध्ये नकाराधिकार वापरून परत पाठवले. ज्यांच्याविरुद्ध संरक्षण आदेश आहे, पण त्या आदेशात शस्त्रबंदीचा स्पष्ट उल्लेख नाही, अशा लोकांनाही त्या मसुद्यामुळे परवाना मिळू शकला असता, हे त्यामागचे कारण होते. मसुदा सुधारून त्याच वर्षी पुन्हा आणला गेला आणि त्याचा कायदा झाला. संरक्षण आदेश मिळवलेल्या व्यक्तीला काउंटी क्लार्ककडून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) 45 दिवसांचा तातडीचा परवाना मिळण्याची सोय त्या कायद्यात आहे. त्यासाठी अर्ज केल्यावर कामकाजाच्या 10 दिवसांत प्रशिक्षण पूर्ण करून नियमित परवान्यासाठी अर्ज करावा लागतो.

संरक्षण आदेश हा शब्द आपल्याकडे 2005 च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्यामुळे परिचित आहे. आपल्या कायद्यात मात्र त्या आदेशाचा आणि शस्त्र परवान्याचा एकमेकांशी संबंध जोडलेला नाही. आदेश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षेची तरतूद आहे, आणि शस्त्र परवान्याचा कारभार 1959 च्या शस्त्र कायद्याखाली स्वतंत्रपणे चालतो. अमेरिकेत हे दोन धागे एकत्र येण्याचे मुख्य कारण तेथील पोलिसांच्या कर्तव्यासंबंधीच्या एका निकालात आहे. कोलोरॅडोमधील कॅसल रॉक येथे 1999 मध्ये एका पित्याने मनाई आदेश मोडून आपल्या तीन मुलींना पळवून नेले. आई पोलिसांना पुनःपुन्हा विनवत राहिली, आणि अखेर त्या तिन्ही मुली मृतावस्थेत सापडल्या. आदेशाची अंमलबजावणी न केल्याबद्दल आईने शहराविरुद्ध लढवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की, मनाई आदेशाची अंमलबजावणी पोलिसांकडून करून घेण्याचा घटनात्मक हक्क नागरिकाला नाही. पोलीस येतीलच याची कायदा हमी देत नसेल, तर त्या व्यक्तीला स्वतःच्या बचावाचे साधन मिळण्यात तरी अडथळे आणू नयेत, असा सवलतीच्या समर्थकांचा युक्तिवाद आहे. बंदुकांविषयी आपले मत काहीही असले तरी, ही मागणी कुठून उगवली हे या निकालाशिवाय समजत नाही.

आता सवलतीच्या यंत्रणेकडे येऊ. संरक्षण आदेश बहुधा टप्प्याटप्प्याने निघतो. पहिला आदेश केवळ तक्रारदाराचे ऐकून आणि अनेकदा त्याच दिवशी दिला जातो, कारण समोरच्या व्यक्तीला नोटीस देऊन बोलावेपर्यंत थांबणे धोक्याचे असते. नंतर दोन्ही बाजू ऐकून अंतिम आदेश होतो. व्हर्जिनियात तातडीचा आदेश साधारण तीन दिवसांचा, त्यानंतरचा प्राथमिक आदेश सुमारे पंधरा दिवसांचा आणि अंतिम आदेश दोन वर्षांपर्यंतचा असतो. न्यू जर्सीत अंतिम सुनावणी दहा दिवसांच्या आत ठेवायची असते आणि अंतिम आदेशाला मुदतच नसते. परवान्याचे घड्याळ मात्र वेगळ्याच गतीने चालते. व्हर्जिनियात पिस्तूल लपवून बाळगण्याच्या परवान्याच्या अर्जावर निर्णय घेण्यासाठी 45 दिवसांची मुदत आहे, तर न्यूयॉर्कमध्ये अर्ज निकाली काढायला सहा महिन्यांपर्यंतचा अवधी कायद्यानेच दिला असून शिवाय 16 तासांचे वर्ग आणि दोन तासांचा प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव सक्तीचा आहे. न्यायालय ज्या व्यक्तीला ‘तुला धोका आहे’ असे एका दिवसात सांगते, तिलाच दुसरे कार्यालय ‘काही महिन्यांनी या’ असे सांगते. या विषयातील सगळे कायदे या दोन घड्याळांमधील अंतर कमी करण्यासाठी आले आहेत.

हे अंतर कमी करण्याचे राज्याराज्यांचे मार्ग एकसारखे नाहीत. केंटकीने 2014 मध्ये संरक्षण आदेश मिळालेल्यांसाठी 45 दिवसांच्या तात्पुरत्या परवान्याची सोय केली. नॉर्थ कॅरोलायनात तातडीची परिस्थिती असल्यास शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, 45 दिवसांपर्यंतचा परवाना देऊ शकतो आणि संरक्षण आदेशाची प्रत हा त्या तातडीचा पुरावा मानला जाऊ शकतो. या राज्यांत परवान्याची चौकट तशीच ठेवून रांगेतला क्रमांक तेवढा पुढे आणला गेला. इंडियाना राज्याने 2017 मध्ये वेगळी वाट धरली. आदेशाने संरक्षित असलेल्या आणि एरवी शस्त्र बाळगण्यास अपात्र नसलेल्या व्यक्तीला 60 दिवस परवान्याशिवायच पिस्तूल बाळगण्याची मुभा त्या राज्याने दिली. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत तिसराच प्रकार आढळतो. तेथे अशा व्यक्तीला कोणी आधी परवानगी देत नाही. परवान्याशिवाय पिस्तूल बाळगल्याचा आरोप ठेवला गेला, तर चालू मनाई आदेशामागील परिस्थितीमुळे आपल्या जिवाला गंभीर धोका आहे असे आपल्याला सकारण वाटत होते, हा बचाव तिला न्यायालयात मांडता येतो. म्हणजे अटकेची आणि खटल्याची टांगती तलवार डोक्यावर राहतेच. दोन्ही पक्षांविरुद्ध परस्पर मनाई आदेश असतील तर हा बचाव सहजासहजी चालत नाही, अशीही त्यात अट आहे, आणि ती विचारपूर्वक घातलेली दिसते, कारण छळ करणारी व्यक्तीसुद्धा उलट तक्रार करून स्वतःच्या नावे आदेश मिळवण्याचा प्रयत्न करू शकते.

परवाना आणि नुसती मुभा यांच्यातला फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण एका संघराज्य कायद्यामुळे तो फार मोठा होतो. शाळेच्या आवारापासून एक हजार फुटांच्या, म्हणजे सुमारे 305 मीटरच्या आत बंदूक बाळगणे 1990 च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. यातून सूट मिळते ती त्या राज्याने पात्रता तपासून परवाना दिलेल्या व्यक्तीला. ज्या महिलेला राज्याने परवान्याशिवाय पिस्तूल बाळगण्याची मुभा दिली आहे, तिच्याकडे मुभा असते, पण परवाना नसतो. मुलांना शाळेत सोडायला गाडीतून जाताना ती राज्याच्या कायद्याने निर्दोष आणि संघराज्याच्या कायद्याने गुन्हेगार ठरू शकते. पिस्तूल रिकामे करून कुलूपबंद पेटीत ठेवले तर तिला सूट मिळते, पण मग ज्या कारणासाठी ते सोबत घेतले तो हेतूच राहत नाही. ज्या व्यक्तीला सोडून आलो ती मुलांच्या शाळेची वेळ जाणते, ही भीती अशा प्रकरणांत किती स्वाभाविक आहे हे लक्षात घेतले, तर विधेयके लिहिणाऱ्यांनी या तरतुदीकडे जास्त लक्ष द्यायला हवे होते असे वाटते. घाईने दिलेला का होईना, पण रीतसर तपासणी करून दिलेला तात्पुरता परवाना मला नुसत्या मुभेपेक्षा सरस वाटतो, तो प्रामुख्याने या कारणासाठी.

राज्याची सीमा ओलांडली की आणखी एक विसंगती समोर येते. 1994 च्या महिलांवरील हिंसाविरोधी कायद्यामुळे एका राज्याचा संरक्षण आदेश सर्व राज्यांत बंधनकारक असतो, त्यामुळे नॉर्थ कॅरोलायनाचा आदेश न्यूयॉर्कचा पोलीसही अमलात आणू शकतो. पिस्तुलाच्या परवान्याला असे देशभर पाठबळ नाही आणि कोणत्या राज्याचा परवाना मानायचा हे प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. जीव वाचवण्यासाठी माहेरी किंवा बहिणीकडे दुसऱ्या राज्यात निघालेल्या महिलेचा आदेश तिच्या सोबत प्रवास करतो, परवाना मात्र अनेकदा सीमेवरच संपतो.

2022 नंतर या चर्चेचा पायाच थोडा सरकला. त्याआधी न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स, कॅलिफोर्निया आणि हवाई ही राज्ये पिस्तूल बाळगण्यासाठी सबळ व्यक्तिगत कारण मागू शकत होती, आणि तेथे संरक्षण आदेश हा अशा कारणाचा पुरावा म्हणून पुढे केला जाई. 23 जून 2022 रोजी ब्रुएन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी न्यूयॉर्कची ही अट घटनाबाह्य ठरवली. दुसरीकडे परवान्याशिवाय पिस्तूल बाळगू देणाऱ्या राज्यांची संख्या वाढत जाऊन 2024 मध्ये 29 झाली. केंटकी आणि इंडियाना ही राज्ये आता त्यांतच मोडतात. त्यामुळे तेथील या सवलतींचे महत्त्व फारसे उरलेले नाही, आणि उरलेल्या राज्यांत ‘तुम्हाला गरज का आहे’ हा प्रश्न मागे पडून शुल्क, प्रशिक्षण आणि प्रतीक्षा हे प्रश्न पुढे आले आहेत. टेक्सासमध्ये प्रश्न वयाचा होता. तेथे 21 वर्षे पूर्ण नसली तरी, संरक्षण आदेश मिळालेल्या 18 ते 20 वर्षांच्या व्यक्तींना परवान्यासाठी अर्ज करता येईल अशी तरतूद 2021 मध्ये झाली. गंमत अशी की, त्या वेळच्या संघराज्य कायद्याप्रमाणे याच वयाच्या व्यक्तीला परवानाधारक दुकानदार पिस्तूल विकू शकत नव्हता.

इथवर आपण केवळ संरक्षित व्यक्तीच्या हातातील शस्त्राचा विचार केला. पण ज्याच्याविरुद्ध आदेश निघतो त्याच्याकडील शस्त्राचे काय, हा प्रश्न माझ्या मते याहून महत्त्वाचा आहे. 1994 पासून संघराज्य कायदा अशा व्यक्तीला बंदूक बाळगायला मनाई करतो, परंतु त्यासाठी तिला नोटीस मिळून सुनावणीची संधी मिळालेली असावी लागते. एकतर्फी दिलेल्या पहिल्या आदेशाने ही बंदी लागू होत नाही आणि त्या काळात काय करायचे हे राज्याच्या कायद्यावर अवलंबून राहते. शिवाय ही बंदी पती, पत्नी, घटस्फोटित पती-पत्नी, एकत्र राहिलेले किंवा अपत्याचे पालक असलेले यांच्यापुरती आहे. कधीच एकत्र न राहिलेल्या प्रियकराला ती लागू होत नाही. 2022 च्या संघराज्य कायद्याने प्रियकरांसाठी काही बंदी आणली खरी, पण ती गुन्हा सिद्ध झाल्यानंतरची आहे. आदेशावर आधारलेली 1994 ची बंदी घटनेला धरून आहे का, यावर 21 जून 2024 रोजी रहीमी खटल्यात आठ विरुद्ध एक मताने निर्णय झाला. दुसऱ्याच्या शारीरिक सुरक्षिततेला खरा धोका असल्याचे न्यायालयाने ज्याच्या बाबतीत ठरवले आहे, त्याला तात्पुरते निःशस्त्र करता येते, असे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिले. एकटे न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस विरोधात होते, आणि ब्रुएनचा निकाल त्यांनीच लिहिलेला होता.

व्हर्जिनियात 2016 साली हे दोन्ही प्रश्न एकाच अधिवेशनात आले. इतर राज्यांच्या परवान्यांना मान्यता देण्यावरून झालेल्या तडजोडीचा भाग म्हणून, कौटुंबिक छळाचा अंतिम आदेश जिच्याविरुद्ध निघाला आहे त्या व्यक्तीने आपली शस्त्रे 24 तासांत दुसऱ्याकडे द्यावीत, असा कायदा गव्हर्नर टेरी मॅकऑलिफ यांनी मान्य केला. संरक्षण आदेश मिळालेल्या 21 वर्षांवरील व्यक्तीला 45 दिवस परवान्याशिवाय पिस्तूल लपवून बाळगू द्यावे, हे विधेयक मात्र त्यांनी फेटाळले, आणि पुढच्या वर्षी ते परत आले तेव्हाही फेटाळले. आधीच स्फोटक असलेल्या परिस्थितीत आणखी एक बंदूक आणल्याने जीवितहानीची शक्यता वाढते, असा त्यांच्या बाजूचा मुद्दा होता. ज्याच्याकडून धोका आहे त्याच्या हातात चाकू, हातोडा किंवा लपवून ठेवलेली बंदूक असू शकते आणि कायदा पाळणारी व्यक्ती तेवढी रिकाम्या हाताने राहते, असे विधेयकाच्या समर्थकांचे उत्तर होते. बर्लिन टाउनशिपमध्ये चाकूच वापरला गेला होता, हे ते विसरू देत नाहीत.

संशोधन या वादात काय सांगते? 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जॅकलिन कॅम्पबेल यांच्या नेतृत्वाखालील अकरा शहरांच्या अभ्यासात, छळ करणाऱ्या पुरुषाला बंदूक उपलब्ध असेल तर महिलेचा खून होण्याचा धोका सुमारे पाच पटींनी वाढलेला आढळला. महिलेच्या स्वतःच्या बंदुकीमुळे संरक्षण मिळते, याचा स्पष्ट पुरावा त्याच अभ्यासाला मिळाला नाही. यावरून बंदूक निरुपयोगी आहे असा थेट निष्कर्ष काढणेही घाईचे ठरेल, कारण ज्या स्त्रियांना सर्वाधिक धोका असतो त्याच शस्त्र घेण्याकडे वळतात आणि त्यामुळे कारण आणि परिणाम वेगळे करणे अवघड होते. एवढे मात्र म्हणता येते की, समोरच्याचे शस्त्र काढून घेण्याच्या बाजूने असलेला पुरावा संरक्षित व्यक्तीला शस्त्र देण्याच्या बाजूच्या पुराव्यापेक्षा बराच बळकट आहे. म्हणून अर्जाला प्राधान्य देणे, शुल्क माफ करणे आणि प्रशिक्षणाची तारीख लवकर देणे या गोष्टी मला न्याय्य वाटतात. पार्श्वभूमीची तपासणी वगळणे मात्र न्याय्य वाटत नाही, कारण एकतर्फी आदेश देताना न्यायाधीशाने अर्जदाराच्या पूर्वेतिहासाची चौकशी केलेली नसते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी एक बाब वेगळी सांगायला हवी, कारण वरील सगळी चर्चा वाचून गैरसमज होऊ शकतो. एच-वन-बी, एच-फोर किंवा विद्यार्थी व्हिसासारख्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या व्यक्तीला संघराज्य कायद्याने बंदूक बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे आणि शिकारीचा वैध परवाना असणे यांसारखे मोजकेच अपवाद त्याला आहेत. त्यामुळे एडिसनमध्ये किंवा डॅलसमध्ये पतीच्या व्हिसावर राहणाऱ्या महिलेने संरक्षण आदेश मिळवला, तरी राज्याची पिस्तुलाविषयीची सवलत तिला बहुधा लागू होत नाही. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई नाही. संरक्षण आदेश मागण्यासाठी मात्र व्हिसाचा प्रकार आड येत नाही. एच-फोरवरील महिलाही थेट न्यायालयात अर्ज करू शकते, त्याच अर्जात समोरच्याकडील बंदुका जमा करून घेण्याची विनंती करू शकते, आणि मिळालेल्या आदेशाची एक प्रत सोबत, एक मुलांच्या शाळेत आणि एक नोकरीच्या ठिकाणी ठेवू शकते.